आज पाणी किती?

पावसाळ्यात कोल्हापूरच्या माणसाला दिवसातून कितीतरी वेळा एक आकडा लागतो: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. आमच्या, मानसिक आजार असलेल्यांच्या गटात हा आकडा बारा महिने चालतो आणि त्याचा पंचगंगेशी संबंध नसतो. कुणीतरी विचारतं, "आज पाणी किती?" उत्तरं येतात. "३४." "३७, पण उतरतंय." "४१." एक्केचाळीस आलं की चार-पाच जण हातातलं काम ठेवून फोन उचलतात.

ही पद्धत कुणा डॉक्टरांनी सांगितलेली नाही. २०१९ च्या महापुरात ज्याचं घर पाण्यात गेलं होतं, अशा आमच्यातल्या एकानं ती नकळत पाडली. "कसं वाटतंय?" या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तरच नसायचं. वाटण्याबद्दल बोलायची रीत त्याच्या घरात नव्हती, तालमीत नव्हती, फौंड्रीत तर नव्हतीच. एका रात्री त्यानं लिहिलं, "४२ हाय." पुढं काही नाही. पण वाचणाऱ्या प्रत्येकाला कळलं, आणि तेव्हापासून ज्यांना शब्द सापडत नाहीत ते सगळे फुटांत बोलायला लागले.

गट व्हॉट्सॲपवरचा आहे. नैराश्य, बायपोलर, चिंतेचा आजार, ओसीडी, स्किझोफ्रेनिया यांपैकी काहीतरी असलेली माणसं त्यात आहेत आणि त्यांना सांभाळणारी घरची माणसंही. महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांत पहिल्यांना शुभार्थी आणि दुसऱ्यांना शुभंकर म्हणतात. मी शुभंकर, माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे. गट बघणाऱ्या तिघांतली मी एक, त्यामुळं तिथला जवळजवळ प्रत्येक मेसेज माझ्या नजरेखालून जातो. (इथं जे कुणाचं म्हणून लिहिलंय ते त्यांना विचारून, आणि ओळख पटणार नाही इतकं बदलून.) एवढं वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. धीर द्यायला म्हणून आपण जे बोलतो त्यातलं प्रत्येक वाक्य समोरच्याकडून काहीतरी मागत असतं. ते किती मागतं, आणि तेवढं द्यायची ताकद आज त्याच्यात आहे का, यावर ते वाक्य लागू पडतं की नाही हे ठरतं. बोलणाऱ्याचं मन चांगलं असणं त्याला पुरत नाही.

"पॉझिटिव्ह राहा" बघा. ज्याला सकाळी उठून दात घासणं जड जातंय त्याच्याकडून हे वाक्य मनाची उभारी मागतं, म्हणजे नेमकी आजारानं नेलेली गोष्ट. "तुझ्यापेक्षा किती वाईट परिस्थितीत लोक आहेत" हे वाक्य त्याला त्याचं दुःख माघारी घ्यायला सांगतं. "निदान आईबापाकडं तरी बघ" म्हटलं की आधीच स्वतःला दोष देत बसलेल्या माणसाला आणखी एक कारण मिळतं. आणि सगळ्यांत सज्जन दिसणारं वाक्य, "काही लागलं तर सांग", ते माझ्या मते सर्वांत जास्त मागतं. आपल्याला काय लागतंय हे ओळखायचं, ते कुणाकडं मिळेल हे ठरवायचं, मग संकोच गिळून तोंड उघडायचं. नैराश्यात यातलं पहिलंसुद्धा जमत नाही.

"जेवलास काय?" एवढंच विचारलं तर हो किंवा नाही म्हणून भागतं. कोल्हापुरात हे रस्त्यात भेटलेला मित्रही विचारतो, त्यामुळं विचारल्यानं कुणी रुग्ण ठरत नाही. त्या पहिल्या "४२ हाय"ला पन्हाळा नावाच्या सदस्यानं दिलेलं उत्तर मला अजून आवडतं: "घरात कोण हाय? खोलीचं दार उघडं ठेव." एका शब्दात देता येईल असं उत्तर आणि दोन पावलांत होईल असं काम.

पन्हाळा हे अर्थातच खरं नाव नाही. आमच्याकडं सगळ्यांनी जिल्ह्यातल्या गडांची नावं घेतली आहेत: भुदरगड, सामानगड, पारगड, गगनगड. महापूरवाला तो रांगणा. शहर एवढं वाढलं तरी इथं आडनाव आणि पेठ सांगितली की दोन मिनिटांत "म्हणजे तुम्ही अमक्यांचे कोण?" हे येतंच. सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मिरजेला जाऊन दाखवणारी माणसं मला माहीत आहेत. "ह्याला रत्नागिरीला न्यायला पाहिजे" ही चेष्टा माझ्या लहानपणी गल्लीत सर्रास चालायची, कारण राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक तिथं आहे. अशी चेष्टा ऐकत वाढलेला माणूस आपण होऊन डॉक्टरांकडं कसा जाईल? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी आमच्याकडं नव्यानं येणाऱ्यांचा पहिला मेसेज वाचला की तो आकडा इथलाच वाटतो. बहुतेकांचं एकच वाक्य असतं: "अजून कुणाला दाखवलं न्हाई."

गगनगड मुलगा आहे की मुलगी हे आम्हाला कितीतरी महिने माहीत नव्हतं. "मी झोपलो न्हाई", "मी येतो" असं कोल्हापुरातल्या मुलीही बोलतात, त्यामुळं लिहिण्यावरून काही कळायचं नाही. नंबरही घरातल्या जुन्या सिमकार्डाचा. कुणी विचारलं नाही. आपल्याला कुणी काही विचारत नाही याचाच त्या दिवसांत मोठा आधार वाटला, असं पुढं तिनंच सांगितलं.

तिचा एक मेसेज रात्री पावणेदोनला आला होता. तिनं परवानगी दिली आहे म्हणून जसाच्या तसा देते. "गोळ्या चालू करून आठ दिवस झाले. कायच फरक न्हाई, उलट जास्तच होतंय. मला कधीच बरं वाटणार न्हाई आता. सगळं संपलंय."

पाच मिनिटांत तीन उत्तरं आली. पहिलं: "असं बोलू नये बाळा, सगळं नक्की छान होणार", पुढं जोडलेले हात. दुसरं म्हणजे सूर्योदयाचं चित्र आणि त्यावर सुविचार, वर बारीक अक्षरांत 'फॉरवर्डेड'. तिसरं सामानगडचं. त्या गडहिंग्लजकडच्या एका शाळेत शिकवतात, दोनदा नैराश्यातून गेल्या आहेत. त्यांनी लिहिलं, "आठवा दिवस म्हणजे मळमळ आणि तोंड कोरडं पडणं चालू असेल. मला दहाव्या दिवशी मळमळ थांबली. झोप तिसऱ्या आठवड्यात आली. मन सगळ्यात शेवटी. आत्ता उठून एक तांब्या पाणी पिऊन ये, मी जागी आहे."

पहिल्या दोन मेसेजना गगनगडचं उत्तर आलं नाही. तिसऱ्याला आलं: "पिऊन आलो."

त्या तीन उत्तरांवर मी नंतर खूप विचार केला. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ऑनलाइन चर्चागटांतलं लिखाण तपासलं होतं. चिंता आणि नैराश्याच्या गटांत 'नेहमी', 'कधीच', 'पूर्णपणे' अशा टोकाच्या शब्दांचं प्रमाण इतर गटांपेक्षा बरंच जास्त निघालं, आणि आत्महत्येच्या विचारांविषयीच्या गटांत तर सर्वांत जास्त. आमच्याकडं हे रोज दिसतं. 'कायच न्हाई', 'कधीच न्हाई', 'सगळं संपलं'. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: आपण धीर देतो तोही त्याच टोकाच्या भाषेत. 'कधीच'ला आपण 'नक्की'नं उत्तर देतो, 'सगळं संपलं'ला 'सगळं छान होईल'नं. मग दोन ठाम वाक्यं समोरासमोर उभी राहतात आणि आजारी माणसाला दुसऱ्याची खात्री आपल्या खात्रीच्या वर मानावी लागते. रात्री पावणेदोनला हे त्याच्याकडून होत नाही. सामानगड 'नक्की' म्हणाल्या नाहीत, 'बरी होशील' असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी दहावा दिवस आणि तिसरा आठवडा सांगितला. त्यावर विश्वास ठेवायला फार काही लागत नाही, कारण ते एका माणसाला झालेलं आहे.

आणि ते वैद्यकाच्या दृष्टीनंही बरोबर होतं. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचे त्रास पहिल्या दिवसांत जाणवतात आणि गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. त्रास आधी आणि आराम नंतर, हे रुग्णाला कुणी नीट बसवून सांगितलेलं नसतं, म्हणून कितीतरी जण दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या सोडतात. तरुण मुलांच्या बाबतीत सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढत नाहीत ना, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. त्यामुळं त्या रात्री सामानगडनं पुढं हेही विचारलं: "पुढची तारीख कधीची आहे? त्याआधी एकदा फोन करून सांगशील का डॉक्टरांना, जास्त होतंय म्हणून?"

अनुभव सांगायचा, डोस सांगायचा नाही, हा आमचा कडक नियम आहे आणि त्याबाबत मी कुणाची भीड ठेवत नाही. लिथियम चालू असलेल्या एकाची कंबर धरली होती, तर दुसऱ्यानं आपुलकीनं वेदनाशामक गोळीचं नाव लिहिलं. आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्यांनी रक्तातलं लिथियम धोक्याइतकं वाढू शकतं. आपुलकी होती म्हणून तो मेसेज ठेवून चालणार नव्हतं. मी तो लगेच काढला आणि का काढला हे दोघांनाही फोनवर सांगितलं.

वाडीला जायचा सल्लाही येतो. नृसिंहवाडीला पौर्णिमेला चला, आदमापूरला अमावास्येला चला. मी हे मेसेज काढत नाही. त्यातली माणसं नुसतं "जा" म्हणत नाहीत, "मी येतो सोबत, गाडी हाय" म्हणतात, आणि महिनोन् महिने घराबाहेर न पडलेला माणूस कुणाच्या तरी सोबतीनं बाहेर पडतो ही साधी गोष्ट नाही. फक्त एक ओळ मी खाली जोडते: सकाळची गोळी घेऊन निघा, रात्रीची बरोबर ठेवा.

अलीकडं आणखी एका प्रकारची उत्तरं यायला लागली आहेत. लांबलचक, शीर्षकं घातलेली, प्रत्येक मुद्द्याला आकडा दिलेला, मराठी शुद्ध पण इथल्या कुणाच्याही तोंडी नसणारी. यंत्राकडून लिहून घेतलेली. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आपल्याला नीट बोलता येत नाही, निदान हे तरी चांगलं असेल, असं त्याला वाटतं. अमेरिकेत कोको नावाच्या मानसिक आधार देणाऱ्या सेवेनं असा प्रयोग केला होता. सुमारे ४,००० लोकांना पाठवलेली उत्तरं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं तयार केली होती, आणि २०२३ च्या जानेवारीत सेवेच्या संस्थापकानं ते जाहीर केल्यावर मोठी टीका झाली, कारण लोकांना पुरेशी कल्पना दिली नव्हती. त्यानंच सांगितलं होतं की ती उत्तरं लोकांना माणसांनी एकट्यानं लिहिलेल्यांपेक्षा जास्त आवडली होती, पण यंत्रानं लिहिलीत हे कळल्यावर त्यांचा परिणाम राहिला नाही. मला यात नवल वाटत नाही. "मी जागी आहे" या वाक्यात काही विशेष नाही. उद्या सातच्या एसटीनं शाळेला जायचं असताना कुणीतरी पावणेदोनला जागं आहे, हे त्यात आहे. म्हणून आम्ही सांगतो, येत नसेल तर मोडकंतोडकं लिहा. "मला काय लिवायचं कळंना, पण वाचलं" हेसुद्धा चालेल.

'वाचलं' या उत्तराची एक हकिगत आहे. व्हॉट्सॲपवर आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं आणि माहिती बघितली की तो कुणाकुणापर्यंत पोचला आणि कुणी वाचला हे दिसतं. चांगल्या मनःस्थितीत तिकडं कुणी बघतही नाही. भुदरगडनं एकदा दुपारी लिहिलं होतं की कामावरून काढलं, घरी सांगितलेलं नाही. संध्याकाळपर्यंत उत्तर नव्हतं. तो दर थोड्या वेळानं ती यादी उघडून बघत राहिला: एक-एक करून वीसेक जणांनी वाचलं होतं. त्या वीस जणांशी मी नंतर बोलले. एकही जण निष्ठुर नव्हता. कुणी बसमध्ये होतं, कुणाला योग्य शब्द सुचेपर्यंत थांबायचं होतं, कुणाला वाटलं आपल्याहून जाणकार कुणीतरी लिहील. पण त्याच्या बाजूनं ती यादी म्हणजे वीस माणसं दारात येऊन न बोलता परत गेली.

समोरासमोरच्या गटात असं होत नाही. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या बैठका १९३५ पासून चालत आल्या आहेत, आणि तिथं एक जण बोलत असताना इतरांनी सल्ला द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, अशी रीत आहे. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून व्यसनी माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना गोल करून बसवत आलं आहे. डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ मध्ये स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटांतही नुसतं ऐकून घेण्याला मोठी जागा आहे. खोलीत गप्प बसलेला माणूस दिसतो. त्याचे डोळे, मान हलवणं, चहाचा कप पुढं सरकवणं दिसतं. फोनवर गप्प बसलेला माणूस नसल्यातच जमा. म्हणून आमच्याकडं ठरलं: उत्तर सुचो न सुचो, जड मेसेज वाचला की 'वाचलं' लिहायचं. अंगठ्याचं चिन्ह नको, कारण तेच चिन्ह आपण दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त म्हणून पाठवतो. तीन अक्षरांचा शब्द टाईप करायला लागतो, तेवढाच वेळ त्या माणसासाठी गेला हे त्याला कळतं.

मदत मिळाल्याचं ओझंही होतं, हे मला भावाकडून कळलं. त्याच्यासाठी केलेली प्रत्येक गोष्ट तो मनात मांडून ठेवायचा आणि वाईट दिवसांत ती यादी स्वतःविरुद्ध वापरायचा. यावर २००० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. नियाल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणारे आणि त्यांचे जोडीदार यांच्याकडून रोजच्या नोंदी लिहून घेतल्या. जोडीदारानं आधार दिला पण परीक्षा देणाऱ्याला तो आधार म्हणून जाणवलाही नाही, अशा वेळी त्याची मनःस्थिती सर्वांत चांगली राहिली. आधार मिळाल्याचं जाणवलं की त्याची काहीतरी किंमत मनाला मोजावी लागत होती. पुराच्या वेळी मदतीचं पाकीट हातात धरून फोटोला उभं राहावं लागलेल्या माणसांना हे संशोधन समजावून सांगावं लागणार नाही.

आमच्या गटात असा न जाणवणारा आधार कसा देतात ते बघण्यासारखं आहे. रांगण्याचं पाणी चढलेलं असलं आणि तो आकडा टाकून गप्प झाला, की दोन-चार जण त्याच्याशी बोलायचं सोडून आपापसात बोलायला लागतात. एकदा पांढऱ्या रश्श्यात नुसती खसखस पुरे की तीळही पाहिजेत, यावर साडेबारापासून दीडपर्यंत वाद चालला. पन्हाळा तिळाच्या बाजूनं, सामानगड खसखस आणि काजूच्या बाजूनं, गगनगड म्हणे नारळाचं दूध घट्ट काढलं की बाकी काय बी नको. मी बाहेरची असते तर म्हटलं असतं, बिचारा तिकडं तळमळतोय आणि यांना रस्सा सुचतोय. पण रांगणा सगळं वाचत होता, त्याच्या नावाखाली ऑनलाइन दिसत होतं. कुणी त्याला हाक मारली नाही, कुणी विचारलं नाही. त्याला उत्तर द्यायचं नव्हतं, बरं वाटतंय असं दाखवायचं नव्हतं, आभार मानायचे नव्हते. दीडला तो लिहिता झाला: "तीळ लागत्यातच." लगेच चौघांनी त्याच्यावर हल्ला चढवला, आणि त्या भांडणात तो अर्धा तास मनापासून होता.

पाणी ४३ च्या वर गेलं तर मात्र असं आडून चालत नाही. तिथं सरळ विचारायचं असतं, आणि हे लिहिताना मी मुद्दाम स्पष्ट लिहितेय, कारण आपल्याकडं लोक या प्रश्नाला फार घाबरतात. "मरायचा विचार येतोय का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असलेला विचार बोलायला जागा मिळते. "तसलं काही मनात नाही ना?" असं विचारलं तर आपण 'नाही' हेच उत्तर मागत असतो आणि माणूस ते देऊन मोकळा होतो. "काय करायचं ठरवलंयस? जवळ काय आहे?" हेही विचारतो, म्हणजे ते दूर करायला सांगता येतं. प्रत्येक सदस्यानं आत येताना एका विश्वासाच्या माणसाचा नंबर आम्हा तिघांकडं दिलेला असतो. त्याला त्याच वेळी फोन जातो, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. दुसरा फोन टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांची एक भीती हमखास असते की दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं ११५ वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, वेगळं सिद्ध झालं नाही तर, तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. उलट त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारची आहे. हे एक कलम माहीत नसल्यामुळं घराघरांत उशीर होतो. आमच्याकडं ते गटाच्या माहितीत सगळ्यांत वर लिहून ठेवलं आहे.

आता मागण्याची दुसरी बाजू. माणूस सावरायला लागला तरी त्याच्याकडून काहीच मागायचं नाही, असं चालू राहिलं तर तो कायमचा रुग्णच राहतो. फ्रँक रीसमन या अमेरिकी अभ्यासकानं १९६५ मध्ये मांडलं की स्वमदत गटांत मदत घेणाऱ्यापेक्षा कित्येकदा देणाऱ्याला जास्त गुण येतो. त्याआधी तीस वर्षं दारू सोडलेला बिल विल्सन अमेरिकेतल्या अॅक्रन गावात हेच शिकला होता: धंद्याचं काम फिसकटलं होतं, पुन्हा दारूकडं वळू अशी भीती होती, म्हणून त्यानं बोलायला दुसरा दारुडा शोधला. ते दुसरे म्हणजे डॉ. बॉब स्मिथ, आणि त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू झालं. स्वतः न पिण्यासाठी त्याला दुसऱ्याला मदत करणं गरजेचं होतं.

मला हे गटात स्वच्छ दिसतं. भुदरगडला नवी नोकरी लागल्यावर सगळ्यांनी अभिनंदन केलं, तो "थँक्यू" म्हणून गप्प. पण एका नव्या मुलाची नोकरी गेली तेव्हा सामानगडनं भुदरगडला विचारलं, "घरी कसं सांगितलं होतंस, याला सांगशील?" त्यावर त्यानं एवढं लांब लिहिलं की मला स्क्रोल करावं लागलं. बायकोला आधी सांगितलं, स्वयंपाकघरात. वडिलांना दोन दिवसांनी. पीएफचं काय केलं. गल्लीत विचारणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं. त्या वेळेपर्यंत तो गटात जे बोलला होता त्या सगळ्याहून हे जास्त होतं. फक्त कुणाकडं केव्हा किती मागायचं याचा अंदाज लागतो, आणि त्याचा कुठलाही नियम मला करता आलेला नाही. सावरल्यासारखी दिसणारी माणसं दुसऱ्यांचं ऐकून ऐकून पुन्हा खाली जाताना मी पाहिली आहेत. म्हणून "आज मी बाजूला बसतो" एवढं लिहून कुणालाही उठता येतं आणि कारण विचारायचं नाही.

गेल्या महिन्यात आम्ही रात्रीच्या पाळ्या लावायला घेतल्या. बारानंतरचे मेसेज सर्वांत जड असतात आणि तेव्हा कोण जागं आहे हे आजवर नशिबावर होतं. मी गटात लिहिलं की आठवड्यातली एक रात्र कुणाला घेता येईल का; जमेल त्यानंच सांगा. सगळ्यांत आधी नाव आलं ते रांगण्याचं. "माझं लिवा. शिरोलीत थर्ड शिफ्टला असतोय मी, तसा बी जागाच. मोबाईल सुट्टीत बघाय मिळतोय, मधल्या वेळेला दुसरं कोण तरी पायजे." त्याच्या मधल्या वेळेसाठी गगनगड तयार झाली. शुक्रवार आणि शनिवार सामानगडनी घेतले, दुसऱ्या दिवशी शाळेची घाई नसते म्हणून. बुधवार सध्या माझ्याकडं आहे, पण भावाची तब्येत बिघडली की मला तो सोडावा लागेल, त्यामुळं त्या रात्रीसाठी आम्ही अजून एक माणूस बघतोय.